ऐंशी सेंटिमीटर

रविवार, रात्री

कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा ३६ वर गेला, मग ३७, मग ३८, आणि लिव्हर आपला मजेत पुढे सरकतोय. मंडईत कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर उभी राहून मी स्वतःवरच खूश होते. म्हटलं, रोल काटकसरीने भरला की छत्तीसपेक्षा दोन-तीन फोटो जास्त निघतात म्हणतात, ते खरं दिसतंय. चाळिसाव्याला शंका आली. डाव्या हाताची, रोल गुंडाळायची घुंडी बघितली तर ती ढिम्म. लिव्हर ओढला की तीही फिरायला हवी, कारण आत डबीतून फिल्म सुटत असते. म्हणजे सकाळी सातपासून फिल्म जागची हललेलीच नव्हती. तिचं टोक पलीकडच्या चक्रीत अडकलंच नव्हतं.

तसं नुकसान काही नाही. फिल्म कोरीच आहे, उद्या पुन्हा भरेन. पण त्या लिंबंवाल्या बाईंनी तराजूचं पारडं कपाळाशी धरून ऊन अडवलं होतं, तो फोटो मी काढलाय असं समजून पुढे गेले होते. आता तो फक्त इथे लिहून ठेवण्यापुरता.

एका रोलचे हजाराच्या आसपास, धुणं आणि स्कॅन वेगळं. छत्तीसने भागलं तर एका खटक्यात अमृततुल्यचे दोन-तीन चहा जातात. हा हिशोब घरात कुणाला सांगितलेला नाही.

मंगळवार

कॅमेरा आतोबांचा. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. हे मॉडेल १९७३ सालचं, म्हणजे माझ्याहून मोठं. मस्कतला होते तेव्हा घेतलेला. आतोबा गेल्यावर तो कपाटात वरच्या फळीवर होता, गाद्यांच्या खोळींमागे. "जागा अडवतोय नुसता. चालला तर ने, नाहीतर जुन्या बाजारात देऊन टाक," आत्या म्हणाली. चामड्याच्या केसचा वास नव्या पादत्राणांसारखा नाही, बंद देवघरासारखा येतो. खालच्या कप्प्यात 'इंदू'चा एक न वापरलेला रोल निघाला, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. तो आत्याने परत मागून घेतला. कशाला, ते मी विचारलं नाही.

याला लागायची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी. त्या केव्हाच बंद झाल्या. तापकीर गल्लीत चार दुकानं फिरल्यावर ६ व्होल्टची एक बारकी नळकांडी मिळाली.

"कुत्र्याच्या पट्ट्यात घालायचीय का?" दुकानदार.

"नाही, कॅमेऱ्यात."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. कुत्रा असता तर निदान जात तरी विचारली असती.

बॅटरी मूळ मापापेक्षा लहान, त्यामुळे आत खुळखुळते. लग्नपत्रिकेचा जाड कागद गुंडाळला, वर बॉलपेनची स्प्रिंग बसवली. मागचं बटण दाबलं आणि आकड्याजवळचा दिवा लागला. पत्रिकेतल्या जोडप्याचं काय झालं माहीत नाही, पण पत्रिका कामी आली.

शुक्रवार

मोबाइलची सवय असलेल्या माणसाला या कॅमेऱ्यात पहिल्यांदा डोळा लावल्यावर वाटतं, अरे, सगळं स्पष्टच तर दिसतंय. तिथेच तो फसवतो. आपण लेन्समधून बघतच नसतो. वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघत असतो, आणि त्या खिडकीत जवळचं-लांबचं सगळं सारखंच स्वच्छ. लेन्सला काय दिसतंय ते ती रोल धुतल्यावर सांगणार.

फोकसचं काम मधल्या पिवळसर ठिपक्यात चालतं. शेजारी आणखी एक लहान खिडकी आहे, तिच्यातली प्रतिमा आरशाने आणून या ठिपक्यात टाकलेली असते. एक वस्तू दोन जागांवरून बघितली की थोडी सरकलेली दिसते. एकेक डोळा आळीपाळीने मिटून बोट बघितलं की कळतं. लेन्सची कडी फिरवत गेलं की ती सरकलेली प्रतिमा मूळ प्रतिमेच्या अंगावर येते, आणि जिथे दोन्ही एक होतात तिथे फोकस. तोफखान्यात लक्ष्याचं अंतर मोजायला हीच युक्ती वापरायचे, फक्त यंत्र प्रचंड असायचं. १९३२ च्या लायका टू या कॅमेऱ्यात ही युक्ती थेट लेन्सच्या कडीला जोडली गेली. त्याआधीच्या लायकात अंतर वेगळ्या यंत्रावर वाचायचं आणि मग लेन्सवर हाताने लावायचं.

आठवडाभरात एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी असल्याने प्रतिमा आडवी सरकते. म्हणून आडव्या रेघांवर काही म्हणजे काही समजत नाही. विजेच्या तारा, पायऱ्या, दुकानांच्या पाट्या, सगळं एकातच एक मिसळून जातं. उभं काहीतरी हवं. खिडकीचे गज. खांब. शर्टाची बटणपट्टी. सदाशिव पेठेतून चालताना हल्ली मी उभ्या रेघा शोधत असते. त्या नादात परवा एका स्कूटरवाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

गुरुवार

पाणी बंद. म्हणजे रोल धुणंही बंद. बादल्या भरून ठेवल्या होत्या, पण त्या धुण्याभांड्यांच्या, त्यांना हात लावायची सोय नाही.

एक रोल बाहेर दिला होता, तो निगेटिव्हवर सरळ लांबच लांब ओरखडा घेऊन परत आला. विचारलं तर म्हणे फिल्मच जुनी असेल. तेव्हापासून काळा-पांढरा मी घरीच धुते.

पुस्तकात सगळं वीस अंशाला असतं. आयडी-११ या फिल्म धुवायच्या केमिकलमध्ये पाणी निम्मं, एचपी ५ प्लस ही फिल्म, १३ मिनिटं, २० अंश सेल्सियस. पुण्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. मग बर्फ. परात, त्यात पातेलं, पातेल्यात केमिकलची बाटली, भोवती बर्फ, आणि थर्मामीटर घेऊन मी. लहानपणी उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम करायचो, तेव्हा बर्फात मीठ घालून हँडल फिरवायला लागायचं, तसंच. फक्त इथे शेवटी खायला काही नाही.

त्याहून अवघड ते फिल्म धुवायच्या डब्यातल्या रिळावर चढवणं. काळ्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे आणि न बघता रिळाची ती चक्राकार खाच शोधायची. पिशवीत दोन मिनिटांत घाम येतो, हात चिकचिकतात, फिल्म खाचेत अर्ध्यावर रुतते. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. पहिल्या वेळी मी वीस मिनिटं अशीच बसले होते आणि दारावर बेल वाजत होती. दूधवाल्याने शेवटी शेजाऱ्यांना विचारलं, "ताई आजारी आहेत का?" आता रात्री बारानंतर, दिवे मालवून, मोरीत बसून करते. फटीला टॉवेल. अंधारात बोटांना फिल्मची कड कळते, तिची भोकं कळतात, आणि रिळात शिरताना होणारा बारीक कर्रकर्र आवाज. तो आवाज एकसारखा येत राहिला की जीव भांड्यात पडतो.

रविवार

ऊन हा वेगळाच विषय. कॅमेरा अर्धा कारभार स्वतः बघतो: अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, ते मी द्यायचं, ते किती वेळ उघडं ते तो ठरवतो आणि किती ठरवली ते सांगत नाही. नुसते दोन दिवे दाखवतो. प्रकाश कमी पडला की पिवळा, जास्त झाला की तांबडा. चारशे आयएसओची, म्हणजे थोड्या उजेडातही चालणारी फिल्म घालून भर दुपारी ओंकारेश्वराजवळ उतरले तर तांबडा विझायलाच तयार नाही. बरोबरच आहे. याची सर्वांत कमी वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग. चारशेच्या फिल्मला लख्ख उन्हात एफ १६ लागतं, आणि एफ १६ हे लेन्सचं शेवटचं टोक, भोक याहून बारीक होत नाही. दुपारी मुठेच्या काठावर काही करू नये, हे आजीही सांगायची, तिची कारणं वेगळी होती.

जून, पालखीचा दिवस

लक्ष्मी रोडला दुपारपासून उभी होते. पालखीला वारकऱ्यांपेक्षा कॅमेरे जास्त झालेत असं आपण सगळेच म्हणतो, आणि आपला कॅमेरा त्यात धरत नाही. हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन मुलं शिड्यांवर चढली होती. एका आजींना तर तीन जणांनी फुगडी पुन्हा घालायला लावली. मला ते पाहवेना, आणि मीही बघत होतेच.

माझ्या कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. त्या मोठ्या कॅमेऱ्यांसारखा आत आपटणारा आरसा नाही. लेन्समधल्या पात्या उघडतात-मिटतात त्याचा आवाज जिभेने 'च्च' करावं तेवढा. पखवाज-टाळांत तो मलाही ऐकू येत नव्हता.

आणि उभी रेघ! इतके दिवस गज आणि खांब शोधत हिंडले, आणि इथे हजारो माणसं कपाळावर रेघ ओढूनच आलेली. गोपीचंदनाचा उभा टिळा, मध्ये बुक्का. ठिपक्यात एका बाबांच्या कपाळावर दोन टिळे दिसत होते, एक फिकट, एक ठळक. कडी फिरवत गेले आणि फिकट टिळा हळूहळू ठळकावर येऊन बसला. त्या क्षणी बाबांनी माझ्याकडे बघून "माउली" म्हटलं आणि पुढे गेले. मी खटका दाबला की नाही ते आठवत नव्हतं.

दाबला होता. तो आणि त्याच्या आधीचे सात, सगळे कोरे. लेन्सवर झाकण होतं.

लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात झाकण राहिलं तर काळोख दिसतो. यात दिसत नाही, खिडकी वेगळी. बरं, प्रकाश मोजणारा डोळाही लेन्सवर नाही, वर खिडकीशेजारी बसवलेला. त्याला झाकणाचा पत्ताच नाही. तो बिचारा इमानेइतबारे ऊन मोजत होता. आठव्या फोटोनंतर शेजारच्या पोरगेल्या वारकऱ्याने बोटाने दाखवलं, "ताई, टोपण."

टोपण आता घरीच असतं, किल्ल्यांच्या वाटीत.

जुलै, बुधवार

हवा दमट झाली. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. डबा शंकरपाळ्यांचा आहे, त्यामुळे तो उघडून निराश झालेली माणसं घरात वाढलीत.

दोन महिन्यांत अंतरं अंगात बसायला लागलीत. अंधारात किंवा घाईत ठिपका दिसत नाही, तेव्हा अंदाजानेच लावावं लागतं. रिक्षात मागे बसलं की रिक्षावाल्याची मान एक मीटर. बँकेत काउंटरपलीकडचा माणूस सव्वा मीटर. अप्पा बळवंत चौकात समोरून येणारं कोणीही दीड मीटरच्या आत असतं आणि तिथून ढकलतच पुढे जातं. ऑफिसातले साहेब नेहमी तीन मीटर राखून बोलतात, हे आधी जाणवलं नव्हतं.

ऐंशी सेंटिमीटरच्या आत मात्र हा कॅमेरा येतच नाही. कडी तिथे थांबते. अलीकडे काहीही असो, ते धूसर.

शनिवार

आत्याकडे गेले होते, पालखीचा तोच रोल घेऊन. शेवटचे पाचेक फोटो उरले होते ते मागच्या वेळी तिच्याच स्वयंपाकघरात काढलेले. ती कैरीचं लोणचं कालवत होती. मी दारात उभी राहून दोन मीटर लावून ठेवलं होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळा दिवा पेटलेला, म्हणून दाराला खांदा टेकून श्वास धरलेला. आणि नेमकी ती बोटांत मसाल्याची फोड धरून सरळ माझ्याकडे चालत आली. "तो डबा बाजूला कर आधी. आ कर. मीठ बघ."

मी दाबलं आणि मग आ केला. मीठ कमी होतं.

फोटोत आत्या नाहीच म्हणायची. डावीकडून एक मोठा करडा ढग आत शिरलाय, त्याला पुढे बोटांसारखं काहीतरी आहे. त्याच्यामागे दोन मीटरवर, भिंतीवरचं कालनिर्णय मात्र इतकं लख्ख की चौकटीतली पेन्सिल वाचता येते.

हा एकच फोटो मी मोठा करून नेला होता. म्हटलं, हसेल. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो खिडकीशी नेला, बराच वेळ धरला. मग लांब धरला. मग पुन्हा जवळ.

"हा माझा हात?"

"हो."

"बरं." अजून बघत होती. "अगं, खाडे बघ ना. सतराला दूध घेतलंच नव्हतं आणि मी मांडायचं विसरले. त्याने पैसे लावलेत पूर्ण महिन्याचे."

आणि फोटो घेऊनच ती जिन्यात गेली, दूधवाल्याला फोन लावायला. घरात रेंज येत नाही.