तोडला तरी फुटतो

मंगळवार, रात्री उशिरा

अक्कांचा फोन ठेवून बराच वेळ झाला, पण एक वाक्य काही केल्या जात नाही. "हादगा कशाला लावतीस गं? शेवगा लाव. तोडला तरी फुटतो." एवढंच म्हणाल्या आणि पुढं गुडघ्याचं, नातवाच्या शाळेचं सुरू झालं. मी हूं हूं करत राहिले. त्या चांगल्यासाठीच सांगत होत्या, यात मला शंका नाही. तरी फोन ठेवल्यावर मी भाकऱ्या थापायला बसले आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

मागची शेड काढल्यावर मोरीपासून कंपाऊंडपर्यंत जी पट्टी मोकळी झाली, तिथं एकच झाड बसेल. तिथं काय लावायचं ते मी मनात केव्हाच ठरवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आजपर्यंत बोलले नव्हते.

शेवगा चांगलाच. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळणार नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हात मे महिन्यात सगळं करपतं, तेव्हा हा उभा असतो. नळाला पाणी रोज येत नाही, तरी याचं अडत नाही. तामिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या फळबाग महाविद्यालयातून निघालेली पीकेएम-१ ही जात लावली तर बी टाकल्यापासून ६ ते ८ महिन्यांत शेंगा. त्याही हातभर लांब, ६५-७० सेंटीमीटरच्या. शेंगा संपल्या की बुंधा तीन फुटांवर छाटून टाकायचा, चार-पाच महिन्यांत पुन्हा शेंगा. पाला खा, फुलं खा, शेंगा आमटीत घाला. मागच्या गल्लीतल्या मावशी मुनगाकु पप्पू करतात, तुरीच्या वरणात हा पाला घालून. एकदा वाटीभर दिलं होतं, ह्यांनी वाटी पुसून खाल्ली.

म्हणजे अक्का म्हणतात त्यात खोटं काहीच नाही. छाटला की फुटतो, आणि जितका फुटतो तितकं त्याचं कौतुक. मला टोचलं ते हेच. फुटतो म्हणून तोडायचं?

मला तोंडावर असं कुणी म्हणालं नाही कधी. पण "तिचं काय, ती निभावून नेते" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते माझं नाव असल्यासारखं वाटतं. बार्शीहून इकडं आलो तेव्हा. शिलाई मशीन विकलं तेव्हा. मामंजींच्या आजारपणात ताईंना सगळ्यांनी विचारलं, तुला कसं जमेल, नोकरी आहे, प्रवास आहे. मला विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी फुटणारच होते ना. पाटल्यांचं तर लिहितच नाही.

मला कौतुक नको होतं असं नाही. कौतुक छानच वाटायचं. पण त्या कौतुकात पुढच्या छाटणीची परवानगी असते, हे आज त्या एका वाक्यानं कळलं आणि जीव कसनुसा झाला.

आणि हादगा. त्याला असं कुणी म्हणूच शकत नाही. भराभर वाढतो, वर्ष-दीड वर्षात फुलायला लागतो, पण बुंध्यापाशी वारंवार तोडला की मरतो. शेंडा खुडा, वरच्या फांद्या बेतानं काढा, तेवढं चालतं. खाली हात लावायचा नाही. आयुष्यही फार मोठं नाही, फार तर वीस वर्षं. शेवग्यासारखा तो टिकत नाही, हे खरं आहे. मला वाटतं, त्याला जपावं लागतं म्हणूनच तो मला हवा आहे. या घरात एखादी गोष्ट अशी असावी की जिच्याकडं जाताना माणूस कोयता बाजूला ठेवून जाईल.

हे लिहिलं आणि रडू आलं. लिहून ठेवते, पुसत नाही.

फुलांची भाजी हेही कारण आहेच. शेवग्याच्या शेंगा कोणत्याही भाजीवाल्याकडं मिळतात. हादग्याची फुलं बाजारात क्वचित दिसतात, आणि दिसली तरी दुपारपर्यंत मलूल झालेली असतात. ती सकाळी झाडावरून काढून लगेच निवडायची. मधला दांडा आणि केसर काढायचे, नाहीतर कडू होते. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगादाण्याचा कूट. कुणी पीठ पेरून करतात, मला कूटच आवडतो. थोडा कडवटपणा राहतोच, आणि तो राहायला हवा. हस्त नक्षत्राच्या सुमाराला झाड पांढरं व्हायला लागतं. आम्ही पाटावर हत्ती काढून फेर धरायचो तेव्हा खिरापत ओळखायच्या नादात या भाजीकडं कुणाचं लक्ष नसायचं. आई मात्र न चुकता करायची. माझ्यानंतर हा पदार्थ आमच्या घरात कुणी करेल असं वाटत नाही. असो.

आजीच्या माहेरी पानमळा होता. तिथं दोन्ही झाडं असायची, शेवगा आणि हादगा, शिवाय शेवरी आणि पांगारा. पानवेल चढवायला. शेवगा मोठा की हादगा, असं तिथं कुणी म्हणत नव्हतं. ज्याच्यावर वेल धरली ते झाड चांगलं.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मी बॅटरी घेऊन मागं गेले. मृगाची ही पहिली चांगली सर. रागातच गेले होते, खरं तर बघायला काही नव्हतं. पट्टीच्या मोरीकडच्या टोकाला पाणी साठलेलं. जेवणं झाल्यावर पुन्हा जाऊन पाहिलं, तरी तसंच. आपली काळी माती, एकदा भिजली की पाणी खाली सोडत नाही. वर्षभरात पाऊस तो केवढा, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. तेव्हा तर हा कोपरा कित्येक दिवस चिखलात असतो.

तिथंच उभी होते आणि एकदम सुचलं, इथं शेवगा येणारच नाही. त्याची मुळं साठल्या पाण्यात कुजतात. तहान सोसेल, ऊन सोसेल, कोयता सोसेल, पण पायाशी तुंबलेलं पाणी त्याला सोसत नाही. मुरमाड, निचरा होणारी जमीन लागते त्याला. हादग्याला मात्र ओल चालते, पाणी काही दिवस साठून राहिलं तरी तो टिकून राहतो.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. हादग्याची बाजू वर आली याचं बरं वाटलंच, पण जास्त बरं वाटलं ते शेवग्यासाठी. सगळं सोसणाऱ्या झाडालाही एक गोष्ट सोसत नाही आणि ते कुजून ती सांगतं. म्हणजे "तोडला तरी फुटतो" हे त्याचं अर्धंच वर्णन झालं. उरलेलं अर्धं, ज्याला ते झाड जगवायचंय त्याला शिकून घ्यावं लागतं.

आणि छाटतात तेही काही आकसानं नाही. छाटला नाही तर सरळ वर जातो, शेंगा हाताला येत नाहीत, फांद्या ठिसूळ, वाऱ्यात काडकन मोडतात. पावसाळ्यात केसाळ अळ्या खोडावर पुंजक्यानं बसतात, म्हणून तर जुनी माणसं दारात लावू नको म्हणायची. अक्कांचा शेवगा त्यांनी किती प्रेमानं वाढवलाय ते मी पाहिलंय. शेंगांची पेंडी पाठवतात तेव्हा दोऱ्यानं बांधून पाठवतात. त्यांच्या आयुष्यात कोयता कुठं कुठं चालला ते मला सगळं माहीत नाही. कदाचित त्या शेवग्याबद्दल बोलतच नव्हत्या.

तर हादगा. पांढऱ्या फुलांचाच, लाल नको. मावशींकडं गेल्या वर्षीच्या वाळलेल्या शेंगा आहेत, बी सकाळी मागून आणते. रात्रभर भिजत घातलं की लवकर उगवतं. खताची फार चिंता नाही, शेंगवर्गातलं झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र जमिनीत धरतं. कुंपण मात्र आधी करायला हवं, शेळ्यांना याचा पाला फार आवडतो आणि समोरच्यांची शेळी मोकळी असते. बाभळीच्या काट्या शनिवारी आणायला सांगते.

झाड मोठं झालं तरी सावली विरळच पडते, खाली भाजी होऊ शकते. वरच्या कोरड्या कडेला हे मेथी टाकू म्हणतील. मेथी थंडीत टाकू. आत्ता मला अंबाडी हवी आहे, अंबाडीच टाकणार.