तुम्ही विचारलंत म्हणून : दाताचे काम झोपवून करता येते का?

लग्नाची पंगत असो, सोसायटीचा जिना असो की नातेवाइकांचा फोन, मी भूलतज्ज्ञ आहे हे समजले की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो : "दाताचं काम बरेच दिवस राहिलंय, पण त्या खुर्चीत बसायचा धीरच होत नाही. मला झोपवून नाही का करता येणार?" विचारणारी व्यक्ती बहुधा आवाज खाली आणते, कारण एवढ्याशा दाताला आपण घाबरतो हे सांगायची तिला लाज वाटते. सांगली-मिरज परिसरात मी बावीस वर्षे भूल देण्याचे काम करते आहे आणि त्यांतली बारा वर्षे आठवड्यातले एक-दोन दिवस दंतवैद्यांच्या दवाखान्यांत जाते. या प्रश्नाचे उत्तर "हो, येते" असेच आहे. मात्र विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रत्यक्षात झोपेची गरज नसते, आणि ज्यांना असते त्यांनी ती कोणत्या प्रकारची आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यायची हे समजून घेणे आवश्यक असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी एका दंतवैद्य मैत्रिणीने मला एका निवृत्त शिक्षिकेसाठी बोलावले होते. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा किडलेल्या, आणि अकरा वर्षे त्या बाई फक्त उजव्या बाजूने जेवत होत्या. आता गालाला सूज आली म्हणून मुलाने जवळजवळ ओढूनच आणले होते. खुर्चीत बसल्यावर त्यांनी पदराचे टोक दोन्ही हातांनी इतके घट्ट पिळून धरले की मूठ सोडवली तेव्हा जरीच्या काठाची नक्षी तळहातावर उमटलेली दिसली. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला, तर अजून कोणी तोंडात आरसासुद्धा घातलेला नसताना नाडी १२८. मी विचारले, "दुखेल म्हणून भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "दुखण्याचं काय हो, दोन बाळंतपणं झालीत माझी. मला ते तोंड उघडं टाकून पडून राहणं सोसत नाही. बोलता येत नाही, थांबा म्हणता येत नाही."

हे उत्तर मी कधी विसरले नाही, कारण दाताची भीती ही एकच गोष्ट नाही हे मला त्या दिवशी नीट कळले. कोणाला सुईची भीती असते, कोणाला ड्रिलच्या आवाजाची, कोणाला घशात पाणी जाऊन गुदमरण्याची, तर कोणाला लहानपणी हात धरून जबरदस्तीने काढलेल्या दाताची आठवण असते. त्या प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली मी वापरते. उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे, बाहेर बसून वाट पाहायची आहे, दात कोरला जाणार आहे, दात साफ केले जाणार आहेत, हिरडीत इंजेक्शन मिळणार आहे : या पाच प्रसंगी किती भीती वाटते, याला प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज १९ किंवा अधिक झाली तर भीती तीव्र समजावी. मला मात्र बेरजेपेक्षा पाचांपैकी कोणत्या प्रश्नाला ५ गुण पडले, हे अधिक उपयोगी वाटते. फक्त शेवटच्या प्रश्नाला ५ देणाऱ्या माणसाला झोपवण्याची आवश्यकता बहुधा नसते. हिरडी कोरडी करून तिच्यावर बधिरतेचे जेल एक-दोन मिनिटे ठेवले आणि औषध अगदी सावकाश, साधारण मिनिटाला एक मिलिलिटर या वेगाने सोडले, तर त्याचे काम तेवढ्यावरच भागते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुखणे थांबते ते जागा बधिर करणाऱ्या इंजेक्शनने, म्हणजे बहुतेक ठिकाणी ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनने. गुंगीच्या औषधाने भीती कमी होते, वेदना नव्हे. म्हणून गुंगी दिली तरी हिरडीतले इंजेक्शन चुकत नाही, फक्त त्या वेळी तुम्हाला त्याचे फारसे काही वाटत नाही. बधिरता नीट न देता केवळ गुंगीच्या भरवशावर दाढ काढायला गेले तर रुग्ण अर्धवट शुद्धीत हातपाय झाडतो आणि सगळ्यांचीच पंचाईत होते. अनेकांची भीती मुळात "इंजेक्शन चढलंच नाही आणि तरी दाढ काढली" अशा अनुभवातून आलेली असते. पू झालेल्या जागेतील पेशी आम्लधर्मी झालेल्या असतात आणि तिथे लिग्नोकेन मज्जातंतूच्या आत नीट शिरू शकत नाही. त्याला रुग्णाचा नाजूकपणा कारणीभूत नसतो. अशा वेळी आधी पू काढून संसर्ग आटोक्यात आणणे किंवा सुजेपासून दूर, मुख्य नसेजवळ इंजेक्शन देणे हाच मार्ग असतो.

त्या शिक्षिकेसाठी आम्ही नायट्रस ऑक्साइड निवडला. यालाच जुन्या काळापासून हसवणारा वायू म्हणतात, पण त्याने कोणी खदखदून हसत नाही. नाकावर छोटा मास्क बसवतात, प्रथम केवळ प्राणवायू देतात आणि मग मिनिटागणिक थोडाथोडा वायू वाढवत नेतात. बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान पुरेसा परिणाम जाणवतो, आणि यंत्राची रचनाच अशी असते की प्राणवायू ३० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. तीन-चार मिनिटांत बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, अंगात ऊब पसरते, हात जड होतात आणि खोलीतले आवाज थोडे लांबून आल्यासारखे वाटतात. माणूस जागा असतो, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. मी बाईंना सांगितले होते की डावा हात वर केलात की आम्ही त्या क्षणी थांबू. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी तो तीनदा वर केला, आम्ही तीनदा थांबलो, आणि त्यानंतर तासभर तो हात पोटावर निवांत पडून होता. काम संपल्यावर पाच मिनिटे शुद्ध प्राणवायू दिला की परिणाम ओसरतो. सगळ्या पर्यायांत हा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण हवे तेव्हा वाढवता येतो आणि हवे तेव्हा उतरवता येतो.

आमच्या शास्त्राचा जन्मही याच वायूच्या आणि याच दाताच्या निमित्ताने झाला, हे मला इथे सांगावेसे वाटते. अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये या वायूचा खेळ पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनमध्ये त्याचे प्रात्यक्षिक फसले, रुग्ण ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली. त्यानंतर १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन यशस्वी प्रात्यक्षिक केले, आणि तो दिवस आम्ही भूलतज्ज्ञ आजही जागतिक भूलदिन म्हणून पाळतो. म्हणजे दाताच्या दुखण्याला घाबरणाऱ्या माणसांची काळजी करतानाच भूलशास्त्र उभे राहिले.

नायट्रस सर्वांना चालत नाही. नाक चोंदलेले असेल तर तो आत जाणारच कसा? गरोदरपणाचे पहिले तीन महिने, डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायू भरलेला असणे, फुप्फुसाचा जुना मोठा आजार, यांत तो टाळतात. हा वायू शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो, त्यामुळे ज्यांना त्याची मोठी कमतरता आहे त्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता पुष्कळदा आढळते.

तोंडाने घ्यायची गोळी हा सर्वांत स्वस्त पर्याय आहे. डायझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी आदल्या रात्री किंवा कामाआधी तासभर दिली तर मध्यम भीती असलेल्या माणसाला ती पुरते. परंतु पोटातून शोषली जाणारी गोळी कोणाला किती चढेल हे आधी सांगता येत नाही, आणि एकदा गिळली की तिचा परिणाम कमीजास्त करता येत नाही. एकदा एक तरुण वडिलांच्या गोळ्यांपैकी दोन गोळ्या आपल्या मनाने घेऊन, झिंगलेल्या अवस्थेत स्वतः मोटरसायकल चालवत दवाखान्यात आला होता. त्या दिवशी आम्ही त्याच्या दाताला हात लावला नाही. त्याच्या भावाला बोलावून घेतले आणि तो येईपर्यंत त्याला शेजारी बसवून ठेवले. दुसऱ्याच्या नावावरची झोपेची गोळी घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

भीती तीव्र असेल किंवा अक्कलदाढेसारखे लांबणारे काम असेल तेव्हा शिरेतून गुंगी देतात. यात मुख्यतः मिडाझोलाम वापरले जाते. हातावर सुई लावून ते एक-एक मिलिग्रॅम देत, मध्ये दोन मिनिटे थांबत, डोळे जड होऊन बोलणे थोडे अडखळेपर्यंत नेतात. त्याचा मोठा गुण असा की त्या वेळचे नंतर आठवत नाही. रुग्ण हाक मारल्यावर डोळे उघडतो, तोंड उघडा म्हटल्यावर उघडतो, आणि घरी जाताना विचारतो, "कधी सुरू करणार?" माझी खरी जबाबदारी मात्र इथे सुरू होते. तेच प्रमाण पस्तिशीच्या माणसाला हलकी गुंगी देते आणि सत्तरीच्या माणसाचा श्वास मंदावू शकते. शिवाय तोंड ही दंतवैद्याची कामाची जागा आणि तीच माझ्या रुग्णाची श्वासाची वाट. तिच्यात पाणी, रक्त, दाताचे तुकडे असतात. कोविडनंतर बोटाचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला, पण प्राणवायू चालू असताना श्वास थांबला तरी त्यावरचा आकडा काही वेळ चांगलाच दिसत राहतो. म्हणून मी आकड्याकडे कमी आणि छातीच्या हालचालीकडे, तसेच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राकडे अधिक पाहते. मिडाझोलामचा परिणाम उतरवणारे फ्लुमाझेनिल जवळ असते, परंतु त्याचा असर लवकर संपतो आणि गुंगी पुन्हा येऊ शकते, तेव्हा ते दिल्यावर रुग्णाला लगेच घरी सोडता येत नाही.

या कारणासाठीच, कोणत्याही दवाखान्यात शिरेतून गुंगी घेण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच : "काम चालू असताना माझा श्वास कोण पाहणार?" दाढ काढणारी व्यक्तीच ते पाहणार असेल आणि प्रोपोफॉलसारख्या औषधाने खोल झोप दिली जाणार असेल, तर नकार द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. दवाखाना कितीही चकचकीत असला तरी माझे हे मत बदलत नाही.

पूर्ण भूल, जिच्यात श्वासनलिकेत नळी घालावी लागते, ती रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच योग्य. ब्रिटनमध्ये २००२ पासून दातांसाठीची पूर्ण भूल रुग्णालयाबाहेर देणे बंद झाले, आणि तो निर्णय मला रास्त वाटतो. जिचे सगळे दुधाचे दात बाटलीतल्या दुधाने किडले आहेत अशी तीन वर्षांची मुलगी, किंवा स्वमग्नतेमुळे खुर्चीत बसूच न शकणारा तरुण, यांच्यासाठी एकाच वेळी सर्व काम पूर्ण भुलीत उरकणे हाच दयाळू मार्ग असतो. त्यात आईवडिलांनी अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही.

तुमच्याकडून आम्हाला काय हवे असते तेही सांगते. शिरेतून गुंगी किंवा भूल असेल तर हलके जेवण सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवावे, कारण गुंगीत उलटी झाली तर पोटातले फुप्फुसात जाते. एका गृहस्थांनी सकाळी पोहे खाल्ल्याचे लपवले होते. "थोडेसेच तर होते," असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या, आणि काम पुढे ढकलले म्हणून दोघेही माझ्यावर रागावले. तो राग मी आजही पत्करीन. रात्री मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर सांगा. गुटखा किंवा सुपारी खात असाल तर तेही न संकोचता सांगा. मी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला लावते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरीही त्या सवयीने तोंड आखडून ज्यांच्या तोंडात दोनच बोटे जातात असे तरुण मला अजून भेटतात, आणि श्वास अडलाच तर त्यांच्या तोंडातून नळी घालणे किती अवघड जाईल याचा विचार मला गुंगी देण्याआधी करावा लागतो. सोबतीला जबाबदार माणूस हवा, आणि त्यानंतर चोवीस तास गाडी, गॅसची शेगडी आणि सही करायचे कागद यांपासून दूर राहावे.

त्या शिक्षिकेची एक दाढ काढावी लागली, दुसरी रूट कॅनाल करून वाचली. दुसऱ्या खेपेला त्यांना वायू निम्म्यानेच लागला आणि टोपी बसवायच्या दिवशी तर मला बोलावलेच नाही. मध्यंतरी बाजारात भेटल्या तेव्हा मी विचारले, "आता डावीकडून चावता ना?" त्या म्हणाल्या, "दाढ चांगली आहे हो. पण घास अजून आपोआप उजवीकडेच जातो. शेंगदाणे खाताना तेवढी आठवण ठेवून डावीकडे घेते."