चोवीस ट्रॅकची मशीन आणि आमची वाटचाल

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात आमच्या रेकॉर्डिंगच्या धंद्याबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे : "त्यांच्याकडे अजून जुनीच मशीन आहे." बोलणारा बाजार चौकात बसतो, नाव लिहीत नाही. मशीन जुनी आहे हे खरंच आहे. ॲलेसिस कंपनीचा एचडी-२४ हा हार्डडिस्कवर लिहिणारा रेकॉर्डर बाजारात आला २००१ साली. आमच्याकडे आला तो सेकंडहँड, अंधेरीतल्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून, गोंदियापर्यंत पार्सल डब्यात आणि तिथून बल्लारशा गाडीत मांडीवर. पण या जुन्या मशीनवर झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, किती नाटक कंपन्यांची गाणी झाली आणि किती भजनी मंडळांच्या सीड्या निघाल्या, ते बोलणाऱ्याला चांगलं माहीत आहे. त्यातल्या काही त्याने स्वतःच कॉपी करून विकल्या आहेत.

सुरुवात आमच्या भाऊंच्या गोदामात झाली. भाऊ म्हणजे बिछायत आणि साउंड सर्व्हिसवाले. माझं भांडवल कान, त्यांचं मिक्सर, माइक आणि छोटा हत्ती. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत नाटकांचा सीझन. भाऊ मैदानावर साउंड लावायचे आणि मी त्याच मिक्सरमधून दोन वायरी काढून कॉम्प्युटरवर स्टिरिओ रेकॉर्ड करायचो. त्यात काय होतं ते या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. ऑक्टोपॅड चढला तर चढला. नायिकेचा आवाज खाली गेला तर गेला. सकाळी घरी आणून काहीही करा, शिजलेल्या भाजीतलं मीठ वेगळं काढता येत नाही. म्हणून ट्रॅक वेगवेगळे, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज स्वतंत्र लिहिलेला, हवे होते.

मग सरळ कॉम्प्युटरमध्येच आठ ट्रॅक का नाही घेतले, असं पोट्टे आज विचारतात. त्या काळी खेड्यात बारा-बारा तास लोडशेडिंग होतं. असलेली वीजसुद्धा शेजारची राईस मिल सुरू झाली की मान टाकायची. जुना काचेचा मॉनिटर आणि कॉम्प्युटर मिळून इन्व्हर्टर पिऊन टाकत. वर ऐन तिसऱ्या अंकात विंडोज निळी पडली, तर नाटक थांबवून "परत म्हणा" असं कुणाला सांगणार? रेकॉर्डरला एकच काम येतं. बटण दाबलं की लिहितो. छोट्या यूपीएसवर तो आणि भाऊंचा मिक्सर निवांत चालतात.

मशीनबद्दल थोडं सांगतोच. समोर चोवीस ट्रॅकचे उभे दिवे, खाली दोन कप्पे, त्यात साध्या आयडीई हार्डडिस्कच्या काढ-घाल करायच्या पेट्या. मागे चोवीस इनपुट, चोवीस आउटपुट आणि तीन जोड्या ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या केबलच्या. माइकचा आवाज वाढवणारा प्रीॲम्प त्यात नाही, तो मिक्सरचाच घ्यायचा. मिक्सरला डायरेक्ट आउट (प्रत्येक चॅनेलचा वेगळा आउटपुट) नसेल तर इन्सर्टच्या भोकात मोनो पिन अर्धीच, पहिल्या 'टक्'पर्यंत घाला. सिग्नल रेकॉर्डरला जातो आणि साउंड बंद पडत नाही. पूर्ण घातली तर तो चॅनेल स्पीकरमधून गायब होतो आणि पब्लिक शिट्ट्या मारते. हे मी कित्येकांना शिकवलं. त्यातल्या एकानेच बाजार चौकात दुकान काढलं.

रेकॉर्डिंग झालं, पण काटछाट? मशीनमध्ये कट-पेस्ट आहे, पण छोट्या पट्टीवर आकडे बघत खोकला शोधायचा म्हणजे डोळ्यांची माती. ते काम कॉम्प्युटरचंच. प्रश्न होता डिस्कवरचा माल कॉम्प्युटरमध्ये न्यायचा कसा. ॲलेसिसची डिस्क लिहायची पद्धत स्वतःची आहे, एफएसटी म्हणतात. ती डिस्क विंडोजला जोडली की विंडोज म्हणतं, कोरी आहे, फॉरमॅट करू का? (चुकूनही 'हो' म्हणू नका.) मागे नेटवर्कचं भोक आहे, पण ते दहा मेगाबिटचं. २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) एका ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे जवळपास आठ एमबी. आठ ट्रॅकचा एक तास पावणेचार जीबीच्या पुढे जातो. तेवढा माल त्या भोकातून न्यायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडणारं कंपनीचं फायरपोर्ट नावाचं यंत्र होतं, ते आमच्या हाती काही लागलं नाही. राहिली ऑप्टिकल केबल : एका केबलमधून आठ ट्रॅक, गाणं जेवढं तेवढाच वेळ. शिवाय तिच्यातून फक्त प्रकाश जातो, म्हणजे दोन मशीनमध्ये विजेचा संबंधच नाही. आमच्या भागात अर्थिंग म्हणजे अंगणात ठोकलेली सळई. साध्या वायरीने जोडलं की स्पीकरमध्ये भुंगा बसतो. ऑप्टिकलने तो गेला.

आता ज्या वर्षी आमचं नाव खराब झालं, त्या वर्षाबद्दल.

नागपूरच्या एका डीलरने ऑप्टिकलवालं कार्ड बसवलेला कॉम्प्युटर दिला. पतसंस्थेचं कर्ज आणि घरच्या धानाचे पैसे त्यात गेले. पहिल्या दिवसापासून आवाजात टिकटिक. कधी एक, कधी ओळीने चार. डीलर म्हणाला, तुमची जुनी मशीन खराब आहे. मी म्हटलं, मशीनवर हेडफोन लावून ऐका, दुधासारखं स्वच्छ आहे. शेवटी त्याने टेक्निशियन पाठवला. त्याच आठवड्यात वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका मंडळाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीसाठी सीडी द्यायची होती आणि मी एका नाटक कंपनीच्या तालमीत अडकलो होतो. टेक्निशियनने काहीतरी बदललं, टिकटिक गेली, आणि साहेबांनी मोठ्या रुबाबात मास्टर, म्हणजे मूळ सीडी, स्वतःच काढून मंडळाच्या हातात दिला. मंडळाने ढीगभर कॉप्या छापल्या आणि वाटल्या.

दोन दिवसांनी मंडळाचे पेटीमास्तर सायकलवर आले, मागे पेटी बांधलेली. आल्याबरोबर म्हणाले, "हा माहा आवाज नाही गा, भाऊ. हा कोण पोट्टा गाऊन रायला?" सीडी लावली. खंजिरी पळत होती. मास्तर काळी एकमध्ये गातात. सीडीतला सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधल्या फटीत पडत होता, पेटीवर ती जागाच नाही. गाणं मंडळात आठ मिनिटांचं, सीडीत सात मिनिटं एकवीस सेकंद.

त्या फटीनेच मला उत्तर दिलं. ४४.१ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग ४८ च्या वेगाने वाजलं, तर ४८ भागिले ४४.१ म्हणजे १.०८८ पट, सूर जवळपास दीड अर्धस्वर वर. दोन्ही मशीन आपापल्या घड्याळावर, म्हणजे नमुने मोजणाऱ्या आपापल्या ठोक्यावर, चालत होत्या, म्हणून टिकटिक. टेक्निशियनने कार्डाचं घड्याळ मालक केलं आणि रेकॉर्डरला ऑप्टिकलमागे चालायला लावलं, टिकटिक थांबली. पण कार्ड होतं ४८ वर, आणि मंडळाचं रेकॉर्डिंग ४४.१ चं. रेकॉर्डर बिचारा सांगितलं तसा धावला. मी उलटं केलं : रेकॉर्डरचं घड्याळ इंटर्नल, कार्ड एक्स्टर्नल, प्रोजेक्ट ४४.१. तेव्हापासून आमच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे, 'ज्याच्यावर रेकॉर्ड झालं, घड्याळ त्याचंच.'

पण सूर सुधारला म्हणून नाव थोडंच सुधारतं! ती सीडी बाजार चौकात पानठेल्यावर रोज वाजायची. कोण लावायचं ते सांगत नाही. लोक हसायचे. त्याने तेव्हाच लॅपटॉप आणला होता : इंटरनेटवरून वाद्यांचा तयार ट्रॅक उतरवायचा, त्यावर गाऊन घ्यायचं, सूर आपोआप सरळ करणारं ऑटो-ट्यून मारायचं, निम्मे पैसे. "आमच्याकडे सगळं डिजिटल आहे", हे त्याचं वाक्य. जसं काही आमच्याकडे कोळशावर चालतं! सीझनच्या तारखा एकामागून एक गेल्या. ज्या कंपनीचे मालक आमच्या घरी जेवून गेले होते, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. डीलरने मास्टरचा खर्च द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, मशीन तुमची. पतसंस्थेचा माणूस गोदामात येऊन खुर्चीवर बसायला लागला. भाऊंनी एक शब्दही न बोलता हप्ते भरले आणि मिक्सर माझ्याकडेच ठेवला. त्या वर्षी ते लग्नात भाड्याच्या मिक्सरवर साउंड करत होते. हे फार कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आणि पेटीमास्तर. त्यांची फजिती झाली होती, त्यांनी आम्हाला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांनी मंडळाला गोळा करून परत आणलं, तेच भजन पुन्हा मिक्स करून घेतलं आणि जिथे जिथे जुनी सीडी गेली तिथे नवी नेऊन दिली. जिथे गेले तिथे पेटी उघडून काळी एक वाजवून दाखवायचे. आमची जाहिरात यापेक्षा मोठी कधी झाली नाही. त्यांच्या मंडळाचे पैसे आम्ही आजही पूर्ण घेत नाही, ते मात्र दरवर्षी भांडून देतात.

मधली वर्षं बरी गेली. २०२० चा सीझन कोरोनाने खाल्ला, तो सगळ्यांचाच खाल्ला. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि बाहेरच्या लोकांना झाडीपट्टी एकदम दिसायला लागली. पूर्ण नाटक ट्रॅकवार हवं अशी मागणी तेव्हापासून वाढली. लॅपटॉपवाले त्या कामाला हात लावत नाहीत. रात्री दहा ते पहाटपर्यंत चालणारं नाटक आहे, ट्रॅक उतरवून होत नाही.

मशीनमध्ये आता फिरती डिस्क नाही. आयडीई डिस्क मिळत नाहीत, म्हणून ॲडॅप्टर लावून सीएफ मेमरी कार्ड बसवलं आहे. घरघर थांबली, उन्हाळ्यात तापणं कमी झालं. ऑप्टिकलचीही गरज कमी झाली. एचडी२४टूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते एफएसटी थेट वाचतं, ट्रॅक वेगळ्या वेव्ह फाइल होऊन बाहेर पडतात आणि पुढचं सगळं रीपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. घाईचं काम असेल तर दुसरी छोटी मशीन झूम आर-१६ नेतो : आठ माइक, एसडी कार्ड, सहा पेन्सिल सेलवर चालते आणि घरी यूएसबीने जोडली की तीच कॉम्प्युटरचं साउंड कार्ड बनते. फक्त पाच आणि सहा नंबरलाच फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आहे, कंडेन्सर माइक तिथेच लावा.

व्हिडिओवाल्यांना एक सांगतो, विचारलं नाही तरी. तुमचा कॅमेरा आणि आमचा रेकॉर्डर सुरुवातीला कितीही जुळवा, दोघांच्या घड्याळांचे क्रिस्टल वेगळे. दहा लाखांत पन्नासचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद सरकतं, आणि चौथ्या तासाला ओठ आणि शब्द एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवून घ्या. दोन टाळ्यांमध्ये ताणून बसवता येतं. एकाच टाळीवर काम सोडून मग आमच्या मशीनला नावं ठेवायची नाहीत.

सीझनची तारीख कोजागिरीच्या आत सांगा. भाऊबीजेनंतर फोन केलात तर आम्ही कुठल्या तरी मैदानात असू. मंडळांनी येताना पेटी ट्यून करून आणावी आणि खंजिरी दोन आणाव्यात. बेसूर पेटी कॉम्प्युटरमध्ये सरळ करून देतो असं बाजार चौकात सांगतात. तिथे करून घ्या.