तुम्ही विचारलंत म्हणून: मी घड्याळाची डायल रंगवून का घेत नाही

घरी कोणी आलं आणि मी घड्याळांचा डबा उघडला की आधी कौतुक होतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो, की एवढी जमवलीत, चालती ठेवलीत, मग त्या पिवळ्या पडलेल्या डाग पडलेल्या डायली तेवढ्या रंगवून का घेत नाही, नव्यासारखी दिसतील की. परवा निपाणीचे पाहुणे आले होते, त्यांनी पण तेच विचारलं, म्हणून आता नीट लिहूनच टाकतो.

माझ्याकडं बहुतेक सगळी एचएमटीची आहेत, चावीची. पहिलं वडिलांचं जनता मॉडेल, त्यांना लग्नात मिळालेलं. आपल्याकडं तेव्हा जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ द्यायची पद्धतच होती, आणि एचएमटीचंच कांचन मॉडेल दिलं असेल तर गावभर बोलणं व्हायचं, कारण ते ऑटोमॅटिक, वार-तारखेचं आणि सहज मिळत पण नव्हतं. १९६१ साली जपानच्या सिटिझनची मदत घेऊन बेंगळुरात एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला आणि मग बेळगाव, खानापूर, चिकोडी कुठंही बघा, मास्तर, कंडक्टर, तंबाखूच्या वखारीतले दिवाणजी, सगळ्यांच्या मनगटावर तेच. म्हणून मला ही घड्याळं परकी वाटतच नाहीत, आपल्याच कर्नाटकात बनली आणि आपल्याच माणसांनी वापरली.

वडिलांचं घड्याळ घेऊन मी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडं गेलो होतो, तेव्हा डायलपण चकाचक करून द्या म्हटलं, तर भिंग डोळ्याला तसंच ठेवून ते म्हणाले, "मशीन उघडून साफ करून देतो, काच नवी टाकतो, पण डायलला हात लावायचं नाही बघ." तेव्हा मी नुसतं मान्य केलं. कारण कळलं ते नंतर, पुष्कळ घड्याळं हाताखालून गेल्यावर.

डायल रंगवायची म्हणजे काय करतात, तर आधी कारखान्यातला मूळ रंग आणि अक्षरं पार घासून काढतात, मग त्या पत्र्यावर नवा रंग मारतात आणि नाव परत छापतात. ते छापलेलं नाव कधीच मूळच्यासारखं येत नाही, अक्षर जाड होतं, रेघा काट्याच्या मापात बसत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता ऑनलाइन मिळतात ती भडक निळी, लाल, हिरवी पायलट मॉडेलची घड्याळं, कारखान्यातून कधी न निघालेल्या रंगांची. काहींवर तर मिलिटरी म्हणून पण छापलेलं असतं. आमचं बेळगाव मराठा लाइट इन्फन्ट्रीचं, घराघरात माजी सैनिक, त्यांच्या पोरांना असली खोटी घड्याळं आजोबांची आठवण म्हणून खपवलेली बघितली की मला खरंच राग येतो.

माझ्याकडं खानापूरकडच्या एका रिटायर्ड सुभेदारांचं जवान मॉडेलचं घड्याळ आहे, त्यांच्या मुलानं दिलेलं. डायलवर तीनच्या आकड्यापाशी तपकिरी डाग आहे, तिथून आत पसरत गेलेला. चावीचा दांडा तिथूनच आत जातो, त्यामुळं पाणी शिरतं ते आधी तिथंच, आणि खानापूरचा पाऊस कसा असतो ते मी सांगायला नको. पेन्शन घेऊन आल्यावर त्या माणसानं तेच घड्याळ घालून चिखलात भातलावणी केली, हे मुलानं सांगितलं, पण त्यानं सांगितलं नसतं तरी डाग सांगत होता. तो मी घासून काढू? शाळामास्तरांचं जनता बघाल तर डायल एकसारखी पिवळी झालेली, पाण्याचा एक थेंब नाही. असं प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि रंग मारला की सगळी एकसारखी होऊन जातात.

दुसरं असं की २०१६ साली सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा विभाग बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे जी मूळ डायल घासली गेली ती गेली, तशी परत छापणारं कोणी नाही. काचेचं तसं नाही, प्लास्टिकची काच घासून चकचकीत होते नाहीतर बदलता येते. पट्टा, चावी पण बदलता येतं, त्यात मी मागंपुढं बघत नाही.

चालण्याबाबत मात्र मी अजिबात तडजोड करत नाही. १७ ज्वेलचं, म्हणजे झीज होऊ नये म्हणून आत १७ खडे बसवलेलं मशीन, सेकंदाला पाच ठोके, नीट सर्व्हिसिंग असेल तर आजपण मस्त चालतंय, आणि रोज सकाळी चावी दिल्याशिवाय मी चहा घेत नाही.

तुमच्या कपाटात आजोबांचं असं एखादं असेल तर लगेच चावी देऊन कानाला लावू नका. आतलं तेल वाळलेलं असतं आणि तसंच चालवलं तर चाकांच्या टोकांची झीज होते. आधी चांगल्या कारागिराकडं द्या, मशीन साफ करून घ्या, आणि देतानाच सांगा की डायल आहे तशीच पाहिजे.