खाते संस्थेचे, ताबा भलत्याचाच: समाजमाध्यमे सावरतानाचा माझा अनुभव

किशोरवयीन आणि तरुण मुलामुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेची समाजमाध्यमांवरील उपस्थिती सुधारायची म्हटले की रील कशी असावी, बोधचिन्ह बदलावे का आणि आठवड्यातून किती वेळा काही टाकावे, यांवरच बैठकीत चर्चा रंगते. आमच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तसेच झाले आणि शेवटी हे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. यांपैकी कोणत्याच गोष्टीचा मला त्रास झाला नाही. त्रास झाला तो आमच्याच खात्यात आम्हाला शिरता येत नव्हते याचा, आणि तो प्रकार इतका लांबला की आज सगळे सुरळीत असतानाही त्याविषयी लिहिताना संताप येतो.

तरुणांच्या संस्थांमध्ये खाती बहुधा स्वयंसेवक उघडतात. एखादा उत्साही विद्यार्थी स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या ईमेलवर संस्थेच्या नावाने खाते सुरू करतो, दोन-तीन वर्षे ते मनापासून चालवतो आणि पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी निघून जातो. फेसबुकवरील पानाला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो. ते कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यातूनच चालवावे लागते. इन्स्टाग्रामला पासवर्ड असतो, पण तो विसरला की नवा मिळवण्याची वाट बहुधा नोंदवलेल्या ईमेलवरून किंवा फोन क्रमांकावरूनच जाते. यूट्यूबवर पासवर्ड न देताही कोणाला व्यवस्थापक, कोणाला संपादक तर कोणाला केवळ पाहणारा असे अधिकार देता येतात, मात्र ते देणारा माणूस आत असावा लागतो. थोडक्यात, ज्याच्या हाती पहिला ईमेल, त्याच्या हाती संस्था.

आमचे घोडे ज्या माध्यमावर अडले त्याचे नाव मी घेणार नाही. ते खाते आमचे सर्वात जुने आणि सर्वाधिक अनुयायी असलेले होते. ते उघडणारी स्वयंसेविका आमच्याशी अत्यंत चांगले संबंध ठेवून संस्थेतून गेलेली होती आणि मदत करायला मनापासून तयार होती. तिला पासवर्डही आठवत होता. परंतु पासवर्ड घातल्यावर सांकेतिक अंक जात होता तो तिच्या जुन्या, केव्हाच बंद झालेल्या फोन क्रमांकावर, आणि पर्यायी ईमेल होता तो तिच्या महाविद्यालयाने दिलेला, पदवीनंतर रद्द झालेला. खाते उघडणारी व्यक्ती होकार देते आहे, संस्था होकार देते आहे, आणि तरीही दार उघडत नाही, हे समजावून सांगायला समोर माणूस नव्हता. होता तो केवळ एक अर्ज.

त्या अर्जात संस्थेचे नाव, खात्याचा दुवा, अर्जदाराचे ओळखपत्र आणि 'संस्थेशी असलेले नाते सिद्ध करणारा कागद' एवढेच मागितले होते. मी नोंदणी प्रमाणपत्र जोडले. उत्तर आले की सादर केलेली माहिती पुरेशी नाही. काय पुरेसे नाही, हे मात्र त्यात नव्हते. बँकेचे पत्र जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा शब्दन् शब्द तेच उत्तर आले, आणि त्या उत्तराला प्रत्युत्तर पाठवण्याची सोय नसल्याने प्रत्येक वेळी नव्याने अर्ज, नवा क्रमांक आणि नवी प्रतीक्षा असा क्रम सुरू झाला. आधीच्या अर्जाचा क्रमांक नव्या अर्जात लिहिण्यासाठी रकानाही नव्हता, त्यामुळे पाठपुरावा करणारी संस्था आणि पहिल्यांदाच आलेली संस्था यांत समोरच्याला काही फरक कळण्याची शक्यताच नव्हती. तरुणांचा विश्वास सांभाळण्याविषयी इतके बोलणाऱ्या कंपन्यांनी एक ओळ कारण लिहू नये, हे मला अजूनही पटत नाही.

शेवटी उत्तराची वाट पाहणे सोडून मी आमची सर्व कागदपत्रे टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि अनोळखी माणसाच्या नजरेने वाचली. तेव्हा माशी कुठे शिंकत असावी हे दिसले. नोंदणी प्रमाणपत्रावर संस्थेचे लांबलचक पूर्ण नाव होते, तर खात्यावर मुलांच्या तोंडी रुळलेले दोन शब्दांचे लहान नाव. हीच ती संस्था असे सांगणारा एकही कागद जगात नव्हता. त्यातून रोमन लिपीतील स्पेलिंग प्रमाणपत्रावर एक, बँकेच्या पत्रात दुसरे आणि वीजबिलावर तिसरे. अर्ज ज्या ईमेलवरून पाठवला होता तो फुकट मिळणारा साधा ईमेल होता, संकेतस्थळाच्या नावाचा नव्हता. आणि संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक कुठेच दिलेला नव्हता. ज्याला आम्ही कोण हे ठाऊक नाही, त्याने आमच्यावर विश्वास का ठेवावा, असे विचारले असते तर दाखवायला आमच्याकडे फक्त आमचे सांगणे होते.

मग एकेक दुवा जोडत गेले. संकेतस्थळाच्या तळाशी पूर्ण नाव, त्यापुढे 'या नावानेही ओळखली जाणारी' असे लिहून लहान नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता दिला. संकेतस्थळाच्याच नावाचा ईमेल सुरू केला. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठराव केला, ज्यात खात्याचा नेमका दुवा लिहून ते खाते संस्थेचे असल्याचे आणि त्याच्या व्यवहारासाठी माझी नेमणूक झाल्याचे नमूद होते. माजी स्वयंसेविकेने सही करून लिहून दिले की हे खाते तिने संस्थेच्या वतीने उघडले होते आणि त्यावर तिचा वैयक्तिक दावा नाही. बँकेकडून स्पेलिंग दुरुस्त करून घेतले. त्यालाही वेळ लागला, पण तेथे निदान खिडकीपलीकडे माणूस होता. हे सर्व सुटे न जोडता, पहिल्या पानावर अनुक्रम देऊन आणि प्रत्येक कागदावरील संस्थेचे नाव अधोरेखित करून, एकाच फाईलमध्ये पाठवले. अर्जाच्या मजकुरातील विनवणी काढून टाकली आणि चार वाक्यांत वस्तुस्थिती लिहिली. त्या अर्जाला वेगळे उत्तर आले. पर्यायी ईमेल बदलून देण्यात आला आणि खात्याच्या आतले पान पडद्यावर उमटले, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

प्रतीक्षेच्या काळात आमच्या तरुण गटाचा आग्रह होता की जुने सोडून द्यावे आणि नवीन खाते काढावे. मी ठाम नकार दिला आणि तो योग्यच होता असे आजही वाटते. एकाच नावाची दोन खाती दिसली की खरे कोणते हे पालकांना कळत नाही, आणि ताबा नसलेल्या जुन्या खात्यावर मुलांची छायाचित्रे तशीच पडून राहतात. एखाद्या मुलीने तिचे छायाचित्र काढून टाका म्हटले, तर काढणार कोण?

याच काळातील आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपण मदतीच्या शोधात आहोत हे कळले की 'आपल्या खात्यावर कॉपीराइटभंगाची तक्रार आली आहे' किंवा 'निळी खूण (खाते अधिकृत असल्याचे चिन्ह) मिळवण्यासाठी येथे तपशील भरा' असे संदेश अधिकृत वाटणाऱ्या नावांनी येऊ लागतात. ते फसवणुकीचे असतात. त्यांतील दुवा उघडून पासवर्ड दिला की राहिलेली खातीही हातची जातात. असा संदेश आल्यास त्यातील दुव्याला हात न लावता थेट त्या माध्यमाच्या ॲपमधील सूचना पाहाव्यात.

ताबा मिळाल्यावर पहिल्याच दिवशी करायच्या गोष्टी मी आता इतर संस्थांना आवर्जून सांगते. नोंदणीचा ईमेल संस्थेच्या पदाचा असावा, व्यक्तीच्या नावाचा नसावा. प्रशासक किमान दोन असावेत आणि त्यांपैकी एक विश्वस्त असावा. द्विस्तरीय सुरक्षा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक सांकेतिक अंक मागणारी सोय, सुरू करून फोन हाती नसताना वापरायचे राखीव संकेतांक कागदावर छापावेत आणि नोंदणी प्रमाणपत्राबरोबर कपाटात ठेवावेत. गूगल असे १० संकेतांक एका वेळी देते आणि त्यांतील प्रत्येक एकदाच चालतो. मजकूर तयार करणाऱ्या मुलांना संपादकाचे अधिकार पुरेसे होतात. स्वयंसेवकाच्या निरोपाच्या दिवशी त्याचे अधिकार काढणे हा निरोप समारंभाइतकाच पक्का रिवाज करावा, म्हणजे त्यात अविश्वासाचा भाग राहत नाही.

मजकुराचे काम त्यामानाने सोपे गेले, याचे श्रेय मुलांना आहे. पूर्वी आमच्या पानावर मान्यवरांच्या रांगा आणि मागे फलक अशीच छायाचित्रे असत. आता कौशल्यवर्गातील एका मुलीने सायकलच्या चाकाचे पंक्चर काढताना केलेले चित्रण पाहा: पडद्यावर फक्त तिचे दोन हात, पाण्याच्या भांड्यात बुडवलेली ट्यूब, तिच्यातून निघणारे बुडबुडे आणि तिच्याच आवाजात काय करायचे त्याचे वर्णन. चेहरा नाही, गणवेश नाही, शाळेचे नाव नाही. ते पाहून वर्गात कधी प्रवेश मिळेल अशी विचारणा करणारे संदेश आले, जे मान्यवरांच्या छायाचित्रांना कधीच आले नव्हते. स्वयंचलित उपशीर्षके मात्र जशीच्या तशी सोडू नयेत. त्यांतील चुका हाताने दुरुस्त कराव्यात, कारण अनेकजण आवाज बंद ठेवूनच पाहतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तेवढाच आधार असतो.

संमतीबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १२ वे कलम मुलांचे मत विचारात घेण्याविषयी आहे आणि १६ वे त्यांच्या खासगीपणाविषयी, म्हणून आमच्या संमतिपत्रावर पालकांच्या सहीखाली मुलाची किंवा मुलीची स्वतंत्र सही असते. अंतर्गत अहवाल, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमे यांसाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत, कारण अहवालातल्या छायाचित्राला हो म्हणणारी मुलगी रीलला हो म्हणतेच असे नाही. संमती केव्हाही मागे घेता येईल हे वाक्य सर्वात वर आहे.

आकड्यांचा अर्थ लावतानाही मुलांचे वय लक्षात ठेवावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी किशोर खाती जाहीर केली. ती मुळातच खासगी असतात आणि ज्यांना ती मुले अनुसरत नाहीत, ते लोक या मुलांना संदेश पाठवू शकत नाहीत किंवा टॅग करू शकत नाहीत. मुलांनी आपल्या खात्यावर आमच्याविषयी कितीही उत्साहाने लिहिले तरी ते त्यांच्या परिचितांपुरतेच राहते, आणि ते तसेच राहावे असे मला वाटते. त्यामुळे 'मुले आपल्या पोस्ट इतरांपर्यंत का पोहोचवत नाहीत' असा प्रश्न एका विश्वस्तांनी विचारला, तेव्हा मी त्यांना हीच रचना समजावून सांगितली. आम्ही आता अनुयायांच्या संख्येऐवजी किती जणांनी ती पोस्ट जपून ठेवली आणि प्रवेशाविषयी किती विचारणा आल्या, एवढेच दरमहा पाहतो.

खात्यासाठी जमवलेली ती फाईल पुढेही उपयोगी पडली. गूगलच्या ना-नफा संस्थांसाठीच्या योजनेत पात्र ठरलेल्या संस्थेला गूगल शोधात दिसणाऱ्या, दरमहा १०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या जाहिराती विनामूल्य मिळू शकतात, आणि चित्रे व फलक तयार करण्याच्या कॅनव्हा या ऑनलाइन साधनाची सशुल्क सुविधाही पात्र संस्थांना मोफत मिळते. दोन्हीकडे तीच कागदपत्रे, तेच स्पेलिंग आणि तोच ईमेल दिला आणि कुठेही विचारणा झाली नाही. आमच्या जुन्या व्हिडिओ वाहिनीचा ताबा मात्र अद्याप एका माजी कार्यकर्त्याच्या ईमेलवर आहे. त्यांच्याकडून लेखी पत्र घेतले आहे, ठराव झाला आहे, आणि यावेळी पहिला अर्जच पूर्ण फाईलसह जाणार आहे.