व्हायरस निघाला, पण आधी ४८ आकडे मागितले

घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस काढणं तसं सोपं आहे. "रेस्क्यू पेनड्राइव्ह (विंडोज न उघडता स्कॅन करणारा) बनवा, बायॉसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद करा, स्कॅन चालवा" असं सांगून मोकळे होणाऱ्यांवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. त्याआधी रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद ड्राइव्ह उघडणारे ४८ आकडे, हाताशी ठेवा, हे त्यांतला एकही जण सांगत नाही.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू झाला, पण स्कॅनरला सी ड्राइव्ह उघडताच येईना. परत विंडोजकडे वळलो तर निळा स्क्रीन: ४८ आकडी की टाका. "मी बिटलॉकर सुरूच केलं नव्हतं" असं इथे जो तो म्हणतो. बिटलॉकर म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. पण विंडोजच्या होम आवृत्तीतही, नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे तेच कुलूप, आपोआप सुरू होऊ शकतं. ड्राइव्ह उघडणारी किल्ली टीपीएम चिपच्या ताब्यात असते आणि सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की चिप ती सोडत नाही. कुलूप आपलं काम चोख करत असतं, हे कळूनही चिडचिड व्हायची ती होतेच.

इथे घाबरून रीसेटचा पर्याय निवडू नका आणि बायॉसमध्ये टीपीएम क्लिअर तर मुळीच करू नका. सिक्युअर बूट होतं तसं पुन्हा चालू करा. बऱ्याचदा तेवढ्यावर विंडोज मुकाट्याने सुरू होतं. नाहीच झालं, तर मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन रिकव्हरी कीजचं पान उघडा. तिथे अनेक कीज असतील, तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून बघा. आपल्या अकाउंटमध्ये सापडत नसेल, तर मशीन पहिल्यांदा सेटअप करणाऱ्याचं अकाउंट तपासा. मुलाने किंवा भावाने ते काम केलेलं असतं आणि तो विसरूनही गेलेला असतो. की कुठेच मिळाली नाही, तर त्या ड्राइव्हवरचा डेटा गेला. दुकानदार फार तर फॉरमॅट करून देईल.

की म्हणजे ६ आकड्यांचे ८ गट. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे शंका आली तर कॅल्क्युलेटरवर गट तपासता येतो. आकड्यांची बटणं चालत नसतील तर एफ१ ते एफ१० वापरा. एफ१० म्हणजे शून्य.

खरं तर पेनड्राइव्हच्या आधी विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन करून बघायला हवा. विंडोज सिक्युरिटीत, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये तो असतो. साधारण १५ मिनिटं लागतात आणि मशीन रीस्टार्ट होतं, म्हणून उघड्या फाइल्स आधी सेव्ह करा. आणि व्हायरस असो वा नसो, आजच ती की कागदावर उतरवून ठेवा. तिची फाइल त्याच लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच बंद करणं.

बॅकअपचं राहिलंच. कॉपी झाली की बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यावरच्या फाइल्सही एन्क्रिप्ट करतं, आणि क्लाउडवर त्याच बिघडलेल्या फाइल्स सिंक होतात. तिथे जुन्या व्हर्जन्स परत मिळतात का, ते आधीच बघून ठेवा. डिस्क एफएटी३२ (फाइल्स साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही, म्हणून ती रिकामी असतानाच एनटीएफएस करून घ्या.