मीठ न वाढलेलं ताट

रोजच्या मालिकेचे संवाद लिहिणारी माणसं सेटवर क्वचितच जातात. आमचे सीन रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर जातात, सकाळी सातच्या शिफ्टला कलाकारांच्या हातात पडतात. २०२२ मधल्या त्या गुरुवारी मात्र मला घोडबंदर रोडला धावत जावं लागलं. मालिकेत आत्याचं काम करणाऱ्या ताईंनी माझा सीन करायला नकार दिला होता.

गुरुवार म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या बार्कचे आकडे येण्याचा दिवस. आमचा आकडा पाच आठवडे घसरत होता. वाहिनीनं क्रिएटिव्ह टीम बदलली, आणि नव्या मंडळींनी पहिल्याच मीटिंगमध्ये फर्मावलं, ‘आत्याला निगेटिव्ह करा.’ त्यांच्यापैकी एकानेही जुने भाग पाहिले नव्हते.

आत्या म्हणजे आमच्या मालिकेतली खानावळवाली. नऊशे भाग ती माणसं जेवू घालत होती. पान मांडलं की आधी वर मधोमध चिमूटभर मीठ, मग डावीकडे लिंबू, चटणी, मग बाकीचं. हे मी लिहिलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ताईंनी आपणहून केलं, दिग्दर्शकानं त्याचा क्लोजअप घेतला, आर्टवाल्यानं मिठासाठी चिनी मातीची बरणी शोधून आणली आणि मी पुढे त्यावर कितीतरी प्रसंग रचले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि युनिट गोव्याला हललं, तेव्हा स्वयंपाकघर बदललं, पण ती बरणी कॉस्च्युमच्या ट्रंकेत साड्यांत गुंडाळून सोबत नेली होती. एवढी जपून उभी केलेली बाई!

आता ती भाचसुनेच्या खिरीत झोपेच्या गोळ्या कालवणार होती.

ताई मेकअप रूममध्ये कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, ती खोटं बोलू दे, हिशेबात लबाडी करू दे, मी सगळं करीन. पण अन्नात? आणि हे तू लिहिलंस?”

मीच लिहिलं होतं. पात्र बदलू नये असं मी म्हणत नाही. माणसं बिघडतात. पण त्याला निदान तीन महिन्यांचा ट्रॅक लागतो. आम्हाला एक एपिसोड मिळाला होता, जेमतेम बावीस मिनिटांचा. आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपलेली, भाग दुसऱ्या दिवशी दाखवायचा, बाहेर पन्नास-साठ माणसं खोळंबलेली. मी कर्जाचं कारण सांगणाऱ्या दोन ओळी घातल्या. ताईंनी त्या वाचल्या आणि काही न बोलता उठल्या.

पहिल्या टेकला त्यांनी सवयीनं आधी मीठ वाढलं. मॉनिटरमागून आवाज आला, “मीठ नको, सीन लांबतोय.” ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुसरा टेक मिठाशिवाय झाला.

दुसऱ्या दिवशी रात्री साताऱ्याहून आईचा फोन आला. “आत्याला बरं नाही का गं? आज मीठ वाढलं नाही तिनं.” गोळ्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

त्या भागाचा आकडा थोडा वाढला. तीन आठवड्यांनी पुन्हा होता तिथे आला. तेव्हापासून जेवणाच्या प्रत्येक सीनमध्ये मी कंसात लिहिते, ‘आत्या मीठ वाढते’. सेटवर ते रोज कापलं जातं.